कोडं सोडवायचं म्हणजे आधी खोडायचं: आपल्या कोल्हापूरची कोडी, उत्तरासकट

परवा रात्री जेवणं झाल्यावर पुतणी वही घेऊन आली, काका ह्ये कोडं येईनाच झालंय, उत्तर सांग की. मी म्हणलं उत्तर नाही सांगणार, कसं काढायचं ते सांगतो, बस. तिला ते आवडलं नाही, तोंड फुगवून बसली, पण तासाभरात पुढची तीन कोडी तिनं एकटीनं सोडवली. त्या तासात आम्ही जे केलं तेच इथं जरा नीट मांडून लिहायलोय, कारण स्कॉलरशिपला बुद्धिमत्तेचे प्रश्न असतात, पोलीस भरतीला असतात, एमपीएससीला असतात आणि सगळीकडं पोरं एकच चूक करतात, कोडं वाचून संपायच्या आत उत्तराकडं उडी मारतात.

उत्तराच्या मागं लागायचंच नाही. काय काय असू शकतं ते सगळं कागदावर काढायचं आणि त्यातलं जे असूच शकत नाही ते एकेक करून खोडायचं, शेवटी जे खोडता येत नाही ते उत्तर. त्यामुळं वही आणि पेन्सिल घेऊनच बसा, मनातल्या मनात करायला जाऊ नका. मनात खोडलेलं परत उगवतं, कागदावर खोडलेलं खोडलेलंच राहतं.

सुरुवातीला एक सोपं. खासबाग मैदान, राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली बांधून घेतलेलं. समजा तिथं ३७ पैलवानांची नॉकआऊट स्पर्धा आहे, हरला की बाहेर, जोडी मिळाली नाही त्याला पुढे चाल, कुस्ती बरोबरीत सोडवायची नाही. एक विजेता ठरेपर्यंत एकूण कुस्त्या किती होणार? बहुतेक जण फेऱ्या मोजत बसतात, पहिल्या फेरीत १८ कुस्त्या आणि एकाला चाल म्हणजे १९ उरले, मग पुढच्या फेऱ्यांत कुस्त्या ९, मग ५, मग २, मग १, मग १. बेरीज ३६. बरोबरच आहे, पण आता जिंकणाऱ्याला सोडा आणि हरणाऱ्याकडं बघा. एका कुस्तीत एकच जण बाहेर जातो आणि शेवटी एकच राहायचाय, म्हणजे ३६ जण बाहेर जायला पाहिजेत, म्हणून कुस्त्या ३६. फेऱ्या मोजायची गरजच पडली नाही. ५०० पैलवान असले तरी उत्तर ४९९, एका सेकंदात. कोण उरणार ते बघू नका, कोण जाणार ते बघा, हे पुढच्या प्रत्येक कोड्यात लागणार आहे.

चप्पल लाईनमधले तीन बॉक्स

दुकानात चपलांचे तीन मोठे बॉक्स आलेत. एकात नुसत्या डाव्या पायाच्या, एकात नुसत्या उजव्या आणि एकात दोन्ही मिक्स. बाहेर तशी लेबलं पण चिकटवलीत, डावी, उजवी, मिक्स. पण चिकटवणाऱ्यानं घोळ घातलाय, तिन्ही लेबलं चुकीची आहेत, एकही बरोबर नाही. तुम्ही कुठल्याही एकाच बॉक्समधून, आत न बघता, एकच चप्पल बाहेर काढायची आणि तिन्ही बॉक्समध्ये काय आहे ते सांगायचं.

आधी, डावी लिहिलेल्या बॉक्समधून काढली तर काय होईल ते बघू. लेबल चुकीचं आहे म्हणजे आत नुसत्या उजव्या असतील नाहीतर मिक्स. समजा उजवी आली. आता? नुसत्या उजव्यांच्या बॉक्समधूनही उजवी येते आणि मिक्समधूनही येऊ शकते, काहीच खोडता आलं नाही, अडकलो. उजवी लिहिलेल्या बॉक्सचं पण तसंच. आता मिक्स लिहिलेला बॉक्स घ्या. लेबल चुकीचं, म्हणजे आत मिक्स नक्की नाही, एक तर सगळ्या डाव्या नाहीतर सगळ्या उजव्या. इथनं एक चप्पल काढली की पूर्ण बॉक्स कळला. समजा डावी आली, तर हा डाव्यांचा बॉक्स. मग उजवी लिहिलेल्यात काय? उजव्या नाहीत कारण लेबल चुकीचं, डाव्या नाहीत कारण त्या सापडल्या, राहिलं मिक्स. आणि डावी लिहिलेल्यात उरल्या त्या उजव्या. उजवी आली असती तर हेच सगळं उलटं.

पुतणी म्हणाली पण मला पहिल्यांदा मिक्सचाच बॉक्स कसा सुचायचा? लै बरोबर प्रश्न आहे हा. सुचायची वाट बघायची नाही, तीनच बॉक्स आहेत, तिन्ही करून बघायचे. जिथं पर्याय कमी तिथं सगळे तपासायला लाजायचं नाही.

रंकाळ्यावरची तीन पोरं

रंकाळ्याच्या कट्ट्यावर बाळ्या, पक्या आणि संज्या बसलेत. प्रत्येक जण एक तर कायम खरं बोलणारा आहे नाहीतर कायम खोटं बोलणारा, मधलं काही नाही. बाळ्या म्हणतो, पक्या खोटं बोलणारा आहे. पक्या म्हणतो, बाळ्या आणि संज्या दोघं एकाच प्रकारचे आहेत, म्हणजे दोघंही खरे नाहीतर दोघंही खोटे. संज्या गप्प आहे. तर संज्या कसला?

अशा कोड्यात हिमतीनं काहीतरी धरून चालायचं. धरा बाळ्या खरा. मग पक्या खोटा. मग पक्यानं सांगितलं ते खोटं, म्हणजे बाळ्या आणि संज्या वेगवेगळे, बाळ्या खरा म्हणून संज्या खोटा. आता उलटं धरा, बाळ्या खोटा. मग पक्या खोटा हे खोटं, म्हणजे पक्या खरा. पक्या खरा म्हणजे बाळ्या आणि संज्या एकाच प्रकारचे, बाळ्या खोटा म्हणून संज्याही खोटा. दोन्ही वाटांनी संज्या खोटाच. बाळ्या आणि पक्याचं काय ते शेवटपर्यंत कळत नाही आणि ते कळायची गरजही नाही, विचारलंय फक्त संज्याचं. पोरं इथंच हातातलं कोडं सोडून देतात, त्यांना वाटतं बाळ्याचं कळलं नाही म्हणजे आपलं काहीतरी चुकलं. प्रश्न परत एकदा वाचा, जेवढं विचारलंय तेवढंच द्या.

आणि धरून चालल्यावर मधेच एक माणूस खराही ठरला आणि खोटाही ठरला तर घाबरू नका, ते लै चांगलं झालं. याचा अर्थ जे धरलं होतं तेच चूक, ते खोडा आणि दुसरी वाट पकडा.

तक्ता मांडायची कोडी

परीक्षेत सगळ्यात जास्त घाम फोडणारी हीच. चार मित्र, संज्या, पक्या, बाळ्या, दिल्या. चौघं चार पेठांतले, शिवाजी, मंगळवार, शुक्रवार, शनिवार. चौघांनी चार वेगळ्या गोष्टी खाल्ल्या, मिसळ, कट वडा, भेळ, कॉकटेल आईस्क्रीम. माहिती अशी. शिवाजी पेठेतल्यानं मिसळ खाल्ली. बाळ्यानं भेळ खाल्ली. संज्या आणि दिल्या दोघंही शिवाजी पेठेचे नाहीत. मंगळवार पेठवाल्यानं भेळही खाल्ली नाही आणि कॉकटेलही नाही. दिल्यानं कट वडा खाल्ला नाही. कॉकटेलवाला शनिवार पेठेचा नाही.

कागदावर डाव्या बाजूला चार नावं एकाखाली एक लिहा, वर आडव्या ओळीत चार पेठा आणि त्यांच्या पुढं चार पदार्थ. जुळलं तिथं बरोबरची खूण, जुळणार नाही तिथं फुली. एक बरोबर झालं की त्या ओळीत आणि त्या रकान्यात बाकी सगळीकडं लगेच फुल्या मारायच्या, हा नियम विसरलात तर तक्ता काढून काही उपयोग नाही.

बाळ्या भेळ, हे सरळ मिळालं, खूण करा, फुल्या मारा. आता शिवाजी पेठ. संज्या नाही, दिल्या नाही, आणि शिवाजीवाल्यानं मिसळ खाल्लीय म्हणून भेळवाला बाळ्याही नाही. राहिला पक्या. पक्या, शिवाजी पेठ, मिसळ, एक माणूस पूर्ण झाला. दिल्याकडं बघा, भेळ गेली, मिसळ गेली, कट वडा त्यानं खाल्ला नाही, राहिलं कॉकटेल. मग संज्याला कट वडाच उरला. आता पेठा. मंगळवारवाल्यानं भेळ नाही, कॉकटेल नाही, मिसळ तर शिवाजीवाल्याची, म्हणजे कट वडा, म्हणजे संज्या मंगळवारचा. दिल्या कॉकटेलवाला म्हणून शनिवारचा नाही, उरली शुक्रवार पेठ. बाळ्या शनिवार पेठेचा. झालं.

बघा, सरळ "हा असा आहे" म्हणणारी वाक्यं दोनच होती, बाकीची सगळी "नाही"ची, आणि सगळं काम त्या नाहींनीच केलं. पोरं नाहीवाली वाक्यं वाचून पुढं जातात, तसं करू नका, तीच सगळ्यात जास्त उपयोगाची. आणि प्रत्येक माहिती निदान दोनदा वाचा, पहिल्या वाचनात मंगळवारच्या वाक्यातनं काहीच निघत नव्हतं, मिसळ कुणाची ते कळल्यावर निघालं.

नदी आणि पूल

वाघ, शेळी आणि गवताचा भारा नदीपार न्यायचं कोडं आपल्याकडं घरोघरी आजी-आजोबांनी घातलेलं असतं. होडीत माणसाबरोबर एकच मावतं, मागं ठेवलं तर वाघ शेळीला खातो आणि शेळी गवताला. युरोपात हेच कोडं लांडगा, बकरी आणि कोबी असं आहे आणि ते ज्या जुन्या लॅटिन संग्रहात सापडतं तो संग्रह ८०४ साली वारलेल्या अल्क्विन नावाच्या विद्वानाचा मानला जातो, म्हणजे बाराशे वर्षं लोक यात अडकतायत. अडकायची जागा एकच, नेलेलं परत आणायचं सुचत नाही. आधी शेळी पलीकडं न्या, एकटे परत या, वाघ न्या आणि येताना शेळी परत आणा, शेळी इकडं ठेवून गवत न्या, एकटे परत या, शेवटी शेळी न्या. सात खेपा.

पुलाचं कोडं मला २०१९ च्या पुरात भेटलं. ऑगस्ट महिना, आम्ही पाव्हण्यांच्या घरी वरच्या मजल्यावर, लाईट नाही, मोबाईल बंद पडलेले, पोरं कंटाळून रडकुंडीला आलेली, तेव्हा चुलत्यांनी मेणबत्तीच्या उजेडात हे घातलं. रात्रीची वेळ, घरातली चार माणसं शिवाजी पुलावरनं पलीकडं जायची आहेत. बॅटरी एकच, एका वेळी दोघांनीच चालायचं आणि बॅटरी पाहिजेच. पोराला पूल ओलांडायला १ मिनिट, बहिणीला २, आईला ५, आजोबांना १०. दोघं बरोबर असतील तर हळू चालणाऱ्याच्या चालीनं. कमीत कमी वेळ किती?

मी लगेच सांगितलं १९. पोरगा सगळ्यात चपळ, तोच प्रत्येकाला सोडून परत येईल, २ आणि १ आणि ५ आणि १ आणि १०. चुलते म्हणाले नाही, कमी होतंय. मी अर्धा दिवस वाद घातला. शेवटी त्यांनी एकच विचारलं, अरे त्या दोन हळू माणसांना वेगवेगळं का न्यायलायस? तिथं डोक्यात उजेड पडला. आई आणि आजोबा एकत्र गेले तर आईची ५ मिनिटं आजोबांच्या १० मध्ये जिरतात. पण मग बॅटरी परत आणायला पलीकडं कुणीतरी चपळ आधीच थांबलेलं पाहिजे. म्हणून पोरगा आणि बहीण जातात, २. पोरगा परत, १. आई आणि आजोबा जातात, १०. पलीकडं थांबलेली बहीण बॅटरी घेऊन परत, २. पोरगा आणि बहीण जातात, २. एकूण १७.

आता बरेच जण हीच युक्ती पाठ करून प्रत्येक ठिकाणी लावतात आणि फसतात. बहिणीला २ ऐवजी ४ मिनिटं लागत असतील तर? नव्या पद्धतीनं ४, १, १०, ४, ४, होतात २३. माझ्या जुन्या पद्धतीनं पोरगाच सगळ्यांना सोडतो, १०, १, ५, १, ४, होतात २१. म्हणजे आता जुनीच बरी. चार जणांसाठी तपासायचं एवढंच, दुसऱ्या नंबरच्या चपळाच्या वेळेची दुप्पट एकीकडं, आणि सगळ्यात चपळ अधिक तिसऱ्याची वेळ दुसरीकडं. पहिल्या कोड्यात ४ आणि ६, म्हणून नवी पद्धत. दुसऱ्यात ८ आणि ६, म्हणून जुनी.

दुधाच्या मापाचं कोडं पटकन सांगतो. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर ५ लिटरचं आणि ३ लिटरचं अशी दोनच मापं आहेत, शेजारी दुधानं भरलेलं मोठं कॅन, आणि गिऱ्हाइकाला बरोबर ४ लिटर पाहिजे. ५ चं भरा, त्यातनं ३ चं भरा, ५ च्यात राहिलं २. ३ चं कॅनमध्ये ओता, ते २ लिटर त्यात घ्या, आता ५ चं परत भरा आणि ३ च्यात जेवढी जागा आहे तेवढं, म्हणजे १ लिटर ओता. ५ च्या मापात राहिलं ४. आणि मापं ६ आणि ४ ची असतील आणि ३ लिटर मागितलं तर प्रयत्नच करू नका, दोन्ही मापं सम आहेत, कितीही ओताओत केली तरी विषम लिटर येणारच नाही.

गुळाचे रवे

हे माझं सगळ्यात आवडतं, म्हणून सावकाश घ्या. गुऱ्हाळावर दिसायला अगदी सारखे ९ गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, आहेत, एक वजनाला हलका आहे. तराजू दोन पारड्यांचा, वजनं नाहीत. दोनदाच तोलून हलका शोधायचा. सगळे जण चार विरुद्ध चार टाकतात. ते नशिबावर आहे, एक बाजू वर गेली की चार संशयित आणि एकच तोल शिल्लक. तराजू दोन नाही, तीन उत्तरं देतो, डावं खाली, उजवं खाली, नाहीतर समान. म्हणून तीन भाग करायचे. ३ विरुद्ध ३, समान आलं तर बाहेरच्या तिघांत, नाहीतर वर गेलेल्या तिघांत. त्या तिघांतले दोन समोरासमोर टाका, वर गेला तो हलका, समान आले तर बाहेरचा.

आता खरं कोडं. १२ रवे, एक वेगळा, पण हलका आहे का जड ते माहीत नाही. तीनदा तोलून तो कुठला आणि हलका का जड हे दोन्ही सांगायचं. तराजूकडं जायच्या आधी मोजा. १२ पैकी कुठलाही, हलका किंवा जड, म्हणजे २४ शक्यता. एक तोल ३ उत्तरं देतो, दोन तोल ९, तीन तोल २७. म्हणजे दोन तोलांत अशक्य आणि तीनमध्ये जेमतेम जमेल. पहिल्या तोलानंतर काहीही झालं तरी ९ पेक्षा जास्त शक्यता राहता कामा नयेत. ५ विरुद्ध ५ टाकले आणि पारडं झुकलं तर १० राहतात, गेलं. ३ विरुद्ध ३ टाकले आणि समान आले तर बाहेरच्या सहांच्या १२ राहतात, गेलं. म्हणजे ४ विरुद्ध ४ हीच एक वाट, दुसरी नाहीच. एकही रवा न उचलता आपण बाकीच्या सगळ्या वाटा खोडल्या, मला हे कोडं याच्यासाठी एवढं आवडतं.

रव्यांना खडूनं नंबर द्या. १, २, ३, ४ डावीकडं आणि ५, ६, ७, ८ उजवीकडं.

समान आले तर वेगळा ९ ते १२ मध्ये, आणि १ ते ८ चांगले आहेत ही मोठी मदत. ९, १०, ११ एकीकडं आणि चांगले १, २, ३ दुसरीकडं. परत समान, तर १२ वेगळा, तो १ बरोबर तोलून हलका का जड बघा. ९, १०, ११ खाली गेले तर वेगळा जड आहे, ९ आणि १० समोरासमोर, खाली जाईल तो, समान तर ११. वर गेले तर वेगळा हलका, तसंच करा, फक्त वर जाणारा पकडायचा.

पहिल्या तोलात डावं खाली गेलं तर, एक तर १ ते ४ मधला जड, नाहीतर ५ ते ८ मधला हलका. आठ शक्यता, लिहून काढा. आता रव्यांची जागा बदलायची. डावीकडं १, २, ५ आणि उजवीकडं ३, ६ आणि चांगला ९. समान आलं तर बाहेर राहिलेले ४ जड, ७ हलका किंवा ८ हलका. ७ आणि ८ समोरासमोर, वर गेला तो, समान तर ४ जड. डावं खाली गेलं तर १ जड, २ जड किंवा ६ हलका, १ आणि २ समोरासमोर, खाली गेला तो, समान तर ६ हलका. उजवं खाली गेलं तर ३ जड किंवा ५ हलका, ३ आणि ९ तोला, ३ खाली गेला तर तोच, समान तर ५ हलका. पहिल्या तोलात उजवं खाली गेलं असेल तर १ ते ४ च्या जागी ५ ते ८ वाचा आणि ५ ते ८ च्या जागी १ ते ४, बाकी काही बदलत नाही.

हे जमलं की १३ रवे घेऊन बघा. परत ४ विरुद्ध ४, समान आले तर ९ ते १३ उरतात. ९, १०, ११ विरुद्ध १, २, ३, परत समान. आता १२ आणि १३ राहिले आणि तोल एकच. १२ ला १ बरोबर टाका. झुकलं तर १२, आणि हलका का जड तेही कळलं. समान आलं तर १३, पण तो एकदाही पारड्यात चढला नाही, त्यामुळं वेगळा रवा तोच हे नक्की सांगता येतं, हलका आहे का जड ते सांगता येत नाही.